लिबर्टास: ‘नाही’च्या जोरावर उभा राहिलेला युरोपभरचा पक्ष

युरोपीय संघावर नाराज असलेले पक्ष युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक देशात आहेत. पण आपापल्या देशात नाराज असणं वेगळं आणि त्या सगळ्या नाराजांना एका नावाखाली, एका नेत्यामागे, एकाच वेळी निवडणुकीत उतरवणं वेगळं. हा दुसरा प्रयोग २००८-०९ मध्ये डेक्लन गॅन्ली नावाच्या एका आयरिश उद्योजकानं करून पाहिला. पक्षाचं नाव लिबर्टास. जून २००८ मध्ये लिबर्टासनं आयर्लंडच्या जवळपास सगळ्या प्रस्थापित पक्षांना एका सार्वमतात धूळ चारायला मोठा हातभार लावला. वर्षभरानं, जून २००९ मध्ये, हेच नाव घेऊन डझनभराहून अधिक देशांत उमेदवार उभे राहिले. ७३६ जागांच्या युरोपीय संसदेत त्यांतला एक निवडून आला.

एक. आणि तोही फ्रान्समधला असा नेता, ज्याचा स्वतःचा पक्ष आणि स्वतःचा मतदार आधीपासून होता.

या पडझडीचं कारण सांगताना सहसा दोनच गोष्टी बोलल्या जातात: लोकांना शेवटी युरोप हवाच होता, किंवा गॅन्ली हा पैसेवाला हौशी माणूस होता. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. लिबर्टासनं विचारलेले काही प्रश्न खरे होते आणि आजही खरे आहेत. ते प्रश्न घेऊन पक्ष बांधताना काय चुकलं, हे नीट समजून घ्यायला हवं.

मत फक्त आयर्लंडनंच का दिलं?

युरोपीय संघ करारांवर चालतो. कोणते विषय ब्रुसेल्सकडे, म्हणजे संघाच्या मुख्यालयाकडे, कोणते सदस्य देशांकडे, कोणाच्या मताला किती वजन, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. या करारांऐवजी एक युरोपीय संविधान आणायचा प्रयत्न २००५ मध्ये झाला. फ्रान्सच्या मतदारांनी ते सुमारे ५५ टक्के मतांनी फेटाळलं आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या मतदारांनी ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी. मग नेत्यांनी दोन वर्षं थांबून त्यातला बराचसा ऐवज लिस्बन कराराच्या रूपात परत आणला. डिसेंबर २००७ मध्ये त्यावर सह्या झाल्या. या वेळी लोकांना विचारायचं नाही, आपापल्या संसदेत मंजूर करून घ्यायचं, असं बहुतेक सरकारांनी ठरवलं.

आयर्लंडला ती पळवाट नव्हती. रेमंड क्रॉटी या शेतकऱ्यानं, जे पुढे कृषी-अर्थतज्ज्ञ झाले, १९८० च्या दशकात सरकारला कोर्टात खेचलं होतं. मुद्दा साधा होता: देशाच्या सार्वभौमत्वाला हात लावणारा युरोपीय करार सरकार परस्पर मंजूर करू शकतं का? १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं सांगितलं की नाही, त्यासाठी घटना बदलावी लागेल. आणि आयर्लंडची घटना सार्वमताशिवाय बदलत नाही. तेव्हापासून प्रत्येक मोठा युरोपीय करार आयरिश माणसाच्या मतपेटीतून जातो. २००१ मध्ये तिथल्या मतदारांनी नीस करार फेटाळला होता आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा विचारल्यावर मान्य केला होता. ही आठवण ताजी होती.

म्हणजे लिस्बन कराराच्या वेळी सत्तावीस देशांच्या सुमारे पन्नास कोटी लोकांच्या भवितव्याचा दस्तऐवज जेमतेम तीस लाख आयरिश मतदारांपुढे ठेवला गेला. बाकी कोणाला विचारलंच नव्हतं. हे सोयीचं होतं, पण न्याय्य नव्हतं, असं मला वाटतं. लिबर्टासला जन्म देणारा राग इथला आहे.

हातात घेतलेला करार

लिस्बन करार उघडला की सलग वाचता येईल असा मजकूर समोर येतच नाही. अमक्या कलमाच्या तमक्या परिच्छेदातले हे शब्द काढावेत, तिथे ते शब्द घालावेत, पुढच्या कलमाला नवा क्रमांक द्यावा, अशा दुरुस्त्यांची ती लांबलचक यादी आहे. आपल्याकडे दुरुस्ती विधेयक वाचताना मूळ कायदा शेजारी उघडून बसावं लागतं, तसं इथे जुने दोन मोठे करार घेऊन बसावं लागायचं. वकिलांना याची सवय असते. गॉलवेतल्या दुकानदारानं किंवा मेयोतल्या शेतकऱ्यानं काय करावं?

‘हो’च्या बाजूनं सरकार होतं, मुख्य विरोधी पक्ष फिना गेल होता, मजूर पक्ष होता. (लिओ वराडकर हे नाव मराठी वाचकाला परकं नाही, मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी त्यांच्या घराण्याचं नातं आहे. ते तेव्हा याच फिना गेलचे तरुण खासदार होते.) संसदेत जागा असलेल्या पक्षांपैकी एकट्या शिन फेन या डाव्या राष्ट्रवादी पक्षानं ‘नाही’ म्हटलं. कागदावर ही लढत एकतर्फी होती. पण पंतप्रधान ब्रायन कावेन यांनी आपण करार पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला नाही, हे कबूल केलं. आयर्लंडचेच युरोपीय आयुक्त चार्ली मॅक्रीव्ही यांनी तर शहाणा माणूस तो अख्खा वाचेल अशी अपेक्षाच नाही, अशा अर्थाचं विधान केलं. ज्यांनी सही केली तेच वाचत नाहीत, मग आम्ही का मान्य करावा? या प्रश्नाला ‘हो’च्या बाजूकडे उत्तर नव्हतं. ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ ही घोषणा घरोघरी पोहोचली.

त्या वेळी गॅन्ली यांचं नाव राजकारणात कोणाला फारसं माहीत नव्हतं. जन्म १९६८ चा, इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये, आईवडील आयरिश. मुलगा तेरा वर्षांचा असताना कुटुंब गॉलवे परगण्यात परतलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपात त्यांनी व्यवसाय केले, पुढे रिव्हाडा नेटवर्क्स ही दूरसंचार कंपनी काढली. आपत्तीच्या काळातल्या संपर्क यंत्रणेचं तिचं काम अमेरिकेत चालायचं. श्रद्धाळू कॅथलिक, बोलण्यात तयार, टीव्हीवर शांत. आयर्लंडमधले करारविरोधक तोवर डावे, राष्ट्रवादी किंवा गर्भपातविरोधी गटांतले असत. सुटाबुटातला, बाजारपेठेच्या बाजूनं बोलणारा, ‘मी युरोपच्या बाजूचाच आहे, पण हा करार वाईट आहे’ असं म्हणणारा विरोधक लोकांनी पाहिला नव्हता. ‘नाही’ म्हणणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला त्यानं प्रतिष्ठा मिळवून दिली. लिबर्टासचं सगळ्यात मोठं यश मी हेच मानतो.

त्यांचे तीन मुद्दे होते. ते किती खरे होते, ते एकेक करून तपासू.

पहिला आयुक्तांचा. युरोपीय आयोग म्हणजे संघाचं मंत्रिमंडळच म्हणा. त्यात प्रत्येक देशाचा एक आयुक्त असे. लिस्बन करारात २०१४ पासून आयुक्तांची संख्या देशसंख्येच्या दोन तृतीयांशावर आणायची तरतूद होती. म्हणजे दर पंधरा वर्षांतली पाच वर्षं आयर्लंडचा आयुक्त नसणार. लिबर्टास हे सांगत होतं आणि ते खरं होतं. मात्र जर्मनीलाही हाच नियम होता आणि कपातीची सुरुवात आधीच्या नीस करारातच झाली होती, हे त्यांच्या फलकांवर नव्हतं.

दुसरा मतांच्या वजनाचा. जुन्या पद्धतीत मंत्रिपरिषदेतल्या, म्हणजे सदस्य देशांचे मंत्री जिथे निर्णय घेतात तिथल्या, ३४५ मतांपैकी आयर्लंडकडे ७ आणि जर्मनीकडे २९ मतं होती. म्हणजे साधारण २ टक्के आणि ८.४ टक्के. नव्या पद्धतीत निर्णयासाठी ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागणार होती. लोकसंख्येच्या हिशेबात आयर्लंड १ टक्क्याच्याही खाली जातो आणि जर्मनी १६ टक्क्यांच्या वर. ‘आपलं वजन निम्मं, जर्मनीचं दुप्पट’ हा दावा आकड्यांत बसतो. पण ५५ टक्के देशांच्या अटीत आयर्लंड आणि जर्मनी सारखेच मोजले जातात. ती अर्धी बाजू सांगितली गेली नाही.

तिसरा कराचा, आणि आयर्लंडमध्ये तोच झोंबणारा. कंपन्यांवरचा १२.५ टक्के कर हे त्या देशाच्या भरभराटीचं गुपित मानलं जाई; अमेरिकी औषध आणि संगणक कंपन्या त्यामुळेच तिथे आल्या होत्या. कराच्या बाबतीत प्रत्येक देशाचा नकाराधिकार लिस्बनमध्ये शाबूत होता. लिबर्टासनं बोट ठेवलं ते एका छोट्या भरीवर. अप्रत्यक्ष करांबद्दलच्या कलमात स्पर्धेतला विपर्यास टाळण्याचा उल्लेख नव्यानं आला होता, आणि उद्या युरोपीय न्यायालय त्याचा आधार घेऊन आपल्या करात हात घालेल, असं ते म्हणत. हा युक्तिवाद फार ताणलेला होता. पण त्याच सुमारास ब्रुसेल्समध्ये कंपनी कर मोजण्याचा पाया सगळीकडे समान करण्याची चर्चा उघडपणे चालू होती. भीती अगदी हवेतली नव्हती.

१२ जून २००८ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी डब्लिन कॅसलमध्ये निकाल जाहीर झाला. ‘नाही’ ८,६२,४१५, ‘हो’ ७,५२,४५१. टक्केवारीत ५३.४ विरुद्ध ४६.६. ४३ मतदारसंघांपैकी फक्त १० मध्ये ‘हो’ पुढे होतं.

ती मतं कोणाची होती?

या आकड्यावर जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच चुकीच्या वाचनातून घडलं.

त्या साडेआठ लाखांवर मतांत शिन फेनचा कामगार मतदार होता, ज्याला युरोप फार बाजारधार्जिणा वाटत होता. आयरिश तटस्थता बुडेल म्हणून धास्तावलेले शांततावादी होते. गर्भपाताचा कायदा ब्रुसेल्सहून येईल असं वाटणारे कॅथलिक होते. जागतिक व्यापाराच्या वाटाघाटीत आपलं गोमांस विकलं जाईल म्हणून संतापलेले शेतकरी होते. आणि युरोप बाजाराला फार जाच करतो असं म्हणणारे लिबर्टासचे लोकही होते. शिन फेनवाला आणि लिबर्टासवाला एकाच खोक्यात एकच उत्तर टाकून गेले, पण दोघांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट होती. सार्वमतानंतरच्या पाहण्यांत ‘नाही’वाल्यांनी सगळ्यात जास्त वेळा दिलेलं कारण तर हे होतं की करार कळलाच नाही.

सार्वमतात हे चालून जातं. तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ दोनच खोकी असतात आणि ‘नाही’च्या खोक्यात कारण लिहावं लागत नाही. पक्षाचं तसं नसतं. पक्षाला जाहीरनामा लागतो, उमेदवार लागतो आणि समोरच्या दहा पक्षांहून आपण वेगळे कसे, हे सांगावं लागतं.

डिसेंबर २००८ मध्ये ब्रुसेल्समध्ये गॅन्ली यांनी लिबर्टास हा अखिल युरोपीय पक्ष म्हणून जाहीर केला. जूनमधली युरोपीय संसदेची निवडणूक हेच लिस्बनवरचं युरोपव्यापी सार्वमत समजा, असं त्यांचं आवाहन होतं. ज्या फ्रेंचांना, डचांना, ब्रिटिशांना विचारलं गेलं नाही, त्यांनी आता सांगावं. कल्पना म्हणून ही जोरदार होती आणि आजही मला ती लोकशाहीच्या अंगानं योग्य वाटते. तोवर त्यांच्याभोवती वलयही तयार झालं होतं. नोव्हेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव क्लाउस डब्लिनच्या सरकारी भेटीवर आले आणि त्याच दौऱ्यात गॅन्ली यांच्यासोबत खाजगी जेवणालाही गेले. पाहुण्या राष्ट्रप्रमुखानं सरकारला हरवणाऱ्या माणसाच्या पंगतीला बसावं, याचा आयरिश सरकारनं जाहीर निषेध केला.

एक पक्ष, सत्तावीस निवडणुका

इथे एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकसभेच्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाचं चिन्ह नंदुरबारमध्ये जे असतं तेच नागालँडमध्ये असतं, आणि निवडणूक आयोगही एकच असतो. युरोपीय संसदेचं तसं नाही. नावाला निवडणूक एक, प्रत्यक्षात त्या वेळी सत्तावीस. प्रत्येक देश आपल्या वाट्याच्या जागा आपल्या कायद्यानं भरतो. पक्षनोंदणी वेगळी, अनामत वेगळी, यादी करण्याची रीत वेगळी. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, चेक प्रजासत्ताक अशा देशांत पाच टक्क्यांच्या खाली मतं मिळाली तर जागा शून्य; फ्रान्समध्ये हा उंबरठा प्रत्येक विभागापुरता वेगळा मोजला जायचा. आयर्लंडमध्ये याद्याच नव्हत्या, तिथे पसंतीक्रमाची मतं.

युरोपीय पातळीवर ‘पक्ष’ म्हणून मान्यता मिळते, संघाच्या तिजोरीतून अनुदानही मिळतं, पण मतपत्रिकेवर असतात ते देशोदेशीचे पक्ष. मोठे युरोपीय पक्ष म्हणजे अशा जुन्या घरच्या पक्षांचे महासंघ. ते आधी आपापल्या देशात वाढले, मग वर येऊन एकत्र झाले. लिबर्टासला हे वरून खाली करायचं होतं, आणि हातात होते सहा महिने.

मान्यतेसाठी किमान एक चतुर्थांश देशांतल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची साथ दाखवावी लागे. लिबर्टासनं यादी दिली, फेब्रुवारी २००९ मध्ये मान्यता मिळाली, आणि लगेच ती स्थगित झाली. यादीतल्या एका एस्टोनियन आणि एका बल्गेरियन खासदारानं सांगितलं की आम्ही सामील झालेलो नाही. सुमारे दोन लाख युरोचं अनुदान अडकलं. पैशापेक्षा पत गेली. ब्रुसेल्स पारदर्शक नाही असं म्हणणाऱ्या पक्षाच्या स्वतःच्या यादीवर प्रश्न आले. त्यांच्या प्रचाराला पैसा कुठून येतो, हा प्रश्न आयर्लंडमध्ये विरोधकांनी आधीपासून लावून धरला होताच.

मग सुरू झाली मोट बांधणी. नव्या माणसांतून पक्ष उभा करायला वेळ नव्हता, म्हणून जिथे जे नाराज गट होते ते जोडले गेले. पोलंडमध्ये लीग ऑफ पोलिश फॅमिलीज या कडव्या कॅथलिक राष्ट्रवादी पक्षातून आलेली मंडळी. त्या पक्षाचा पोलंडच्या युरोपप्रवेशालाच विरोध होता. चेक प्रजासत्ताकात टीव्ही वाहिनीमुळे नावारूपाला आलेले व्लादिमीर झेलेझ्नी. जर्मनीत एक छोटा ख्रिस्ती कुटुंबवादी पक्ष. पोर्तुगालमध्ये पर्यावरणवादी म्हणून सुरू झालेला भूमी पक्ष. स्पेनमध्ये सिउदादानोस, म्हणजे कॅटलान राष्ट्रवादाच्या विरोधात निघालेला उदारमतवादी पक्ष. त्याला युरोपीय संघाशी काही वैर नव्हतं, आणि या युतीवरून त्या पक्षातच फूट पडली. कॅटलान विधिमंडळात त्यांचे मुळात तीनच आमदार होते.

आणि फ्रान्समध्ये फिलिप द व्हिलिए, शिकारी आणि ग्रामीण परंपरा यांच्यासाठी काढलेल्या पक्षाला सोबत घेऊन. द व्हिलिए यांचं नाव युरोपभर कशामुळे गाजलं होतं? २००५ च्या सार्वमतात त्यांनी ‘पोलिश प्लंबर’ उभा केला होता: संविधान मंजूर झालं की पोलंडचा नळकारागीर आणि एस्टोनियाचा वास्तुविशारद स्वस्तात येऊन फ्रेंच माणसाचा रोजगार खाणार. चार वर्षांनी तेच द व्हिलिए एका अशा पक्षाचे सगळ्यात मोठे नेते होते, ज्याच्या शाखा पोलंडमध्येही होत्या आणि एस्टोनियातही. पोलिश मतदाराला लिबर्टास काय सांगणार होतं? फ्रान्समध्ये जाऊन काम करण्याचा तुमचा हक्क आम्ही राखू? मग फ्रेंच मतदाराला काय?

युरोपविरोधी राजकारणाची ही मुळातली अडचण आहे. प्रत्येक देशातला असा पक्ष म्हणतो, आधी आमचा देश. पण माझ्या देशाचं हित अनेकदा तुझ्या देशाच्या खिशातून निघतं. शेतीचं अनुदान फ्रेंच शेतकऱ्याला हवं असतं, त्याचा भार ब्रिटिश करदात्याला नको असतो. कमी कंपनी कर आयर्लंडचा प्राण, तोच फ्रान्सच्या दृष्टीनं बेइमान स्पर्धा. शत्रू एक म्हणून हे सगळे एका व्यासपीठावर बसतात. कार्यक्रम लिहायला घेतला की पहिल्याच पानावर वाद सुरू होतो.

लिबर्टासच्या बाबतीत तर आणखी एक गाठ होती. गॅन्ली यांना युरोपीय संघ मोडायचा नव्हता. पंचवीस पानांत मावेल असं, कोणालाही वाचता येईल असं संविधान आणि लोकांनी निवडलेले कारभारी, हे त्यांचं म्हणणं. त्यांना संघराज्यवादीच म्हणावं लागेल. म्हणजे ज्याला युरोपीय संघातून बाहेरच पडायचंय अशा ब्रिटिश मतदारासाठी ते फार मवाळ. त्याच्यासाठी युकिप हा पक्ष होता. त्याला त्या निवडणुकीत १६ टक्क्यांहून जास्त मतं आणि १३ जागा मिळाल्या, तर लिबर्टासला ब्रिटनमध्ये अर्धा टक्का. आणि ज्याला युरोप सुधारून हवा होता, त्याला लिबर्टासच्या यादीतले पोलिश राष्ट्रवादी चालणारे नव्हते. विचार एका मतदाराचा, उमेदवार दुसऱ्याच मतदाराचे.

१ मे २००९ ला रोममध्ये पक्षाचं अधिवेशन भरलं. पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा तिथे भाषणाला आले आणि मोठी बातमी झाली. पण पोलंडमध्ये त्यावर गदारोळ उठला, कारण वालेसा तेव्हा युरोपीय संघानंच नेमलेल्या एका विचारगटाचे सदस्य होते. त्यांच्या येण्यानं एक मत वाढलं असेल असं निकालावरून तरी दिसत नाही.

बँका बुडाल्या आणि हवा फिरली

या सगळ्यात एक मोठी उलथापालथ झाली होती, जिच्यावर लिबर्टासचा काहीच ताबा नव्हता. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस आयर्लंडच्या बँका कोसळण्याच्या बेतात आल्या आणि सरकारनं त्यांच्या ठेवी-कर्जांना रातोरात हमी दिली; रक्कम सुमारे ४४० अब्ज युरो, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. घरांचे भाव पडले, बेकारी २००९ मध्ये बारा टक्क्यांच्या आसपास गेली. जून २००८ मध्ये युरोपला ‘नाही’ म्हणणं हा भरल्या पोटाचा निर्णय होता. वर्षभरानं युरो आणि युरोपीय मध्यवर्ती बँक हाच आधार वाटू लागला. शेजारचा आइसलंड त्याच वेळी बुडाला होता, आणि तो संघात नव्हता, हे आयरिश माणूस रोज वाचत होता.

निवडणूक ४ ते ७ जूनला झाली. पोलंडमध्ये लिबर्टासला एक टक्क्याच्या आसपास, चेक प्रजासत्ताकात एक टक्काही नाही. स्पेनमध्ये अर्ध्या टक्क्याच्याही खूप खाली. लॅटव्हियात चार टक्क्यांच्या वर मजल गेली, पण उंबरठा पाचचा. फ्रान्समध्ये ४.८ टक्के मतं आणि पश्चिम विभागातून द व्हिलिए यांची एक जागा; २००४ मध्ये एकट्याच्या बळावर त्यांच्या पक्षानं तीन जागा घेतल्या होत्या.

गॅन्ली स्वतः आयर्लंडच्या वायव्य मतदारसंघात उभे होते. जागा तीन. मोजणी मेयो परगण्यातल्या कॅसलबार गावात. पद्धत आपल्या विधान परिषदेतल्यासारखीच: मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितो, कोटा पूर्ण झालेल्याची जादा मतं आणि बाद झालेल्याची सगळी मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. गॅन्ली यांना पहिल्या पसंतीची ६७ हजारांहून जास्त मतं पडली, साडेतेरा टक्क्यांच्या वर. नव्या पक्षाच्या नवख्या उमेदवारासाठी हा आकडा लहान नाही. पण ते चौथे होते. वरचे तिघे ७० हजारांच्या पुढे, आणि त्यांतल्या दोघांच्या मोठ्या पक्षांचे आणखी एकेक उमेदवार रिंगणात; ते बाद झाले की त्यांची मतं घरातच वळणार. दुसरीकडे ‘नाही’ म्हणणाऱ्यांची हजारो मतं शिन फेनच्या उमेदवाराकडे होती. वर्षापूर्वी जे एकाच खोक्यात पडले होते, ते इथे आपापल्या माणसाकडे गेले. गॅन्ली यांनी मतांची फेरतपासणी मागितली, निकाल बदलला नाही, आणि त्यांनी राजकारणातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

मी या मोजणीत पूर्ण प्रयोगाचा निकाल पाहतो. सार्वमतात ४७ टक्क्यांना तुम्ही नकोसे असलात तरी जिंकता. पसंतीक्रमात तुम्हाला इतरांच्या मतदाराची दुसरी-तिसरी पसंती व्हावं लागतं, आणि त्यासाठी लोकांना तुम्ही कशाच्या बाजूचे आहात ते माहीत असावं लागतं.

पुढे

मधल्या काळात युरोपीय नेत्यांनी आयर्लंडला लेखी हमी दिल्या: प्रत्येक देशाचा आयुक्त राहील, करात, गर्भपाताच्या कायद्यात आणि तटस्थतेत ढवळाढवळ होणार नाही. २ ऑक्टोबर २००९ ला दुसरं सार्वमत झालं. गॅन्ली आपला निर्णय बदलून शेवटच्या काही आठवड्यांत प्रचारात परतले, पण ६७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. क्लाउस यांनी ३ नोव्हेंबरला नाइलाजानं सही केली आणि १ डिसेंबरला करार लागू झाला.

आयर्लंडच्या पहिल्या नकाराचं फळ मात्र टिकलं, हे बरेचदा विसरलं जातं. आयोगात आजही प्रत्येक देशाचा एक आयुक्त आहे. लिबर्टासच्या तीन मुद्द्यांपैकी जो सगळ्यात खरा होता, तो पक्ष संपल्यावरही पूर्ण युरोपात अमलात राहिला.

ज्यांना वाटतं की युरोपभरचा पक्ष ही कल्पनाच अशक्य आहे, त्यांनी व्होल्टकडे पाहावं. २०१७ मध्ये काही तरुणांनी सुरू केलेल्या या पक्षानं आधी एक जाहीरनामा लिहिला, मग देशोदेशी शाखा काढल्या आणि सगळीकडे तोच जाहीरनामा लावला. २०१९ मध्ये त्यालाही लिबर्टासइतकीच, एकच जागा मिळाली, जर्मनीतून. तो बंद पडला नाही. २०२४ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समधून पाच जागा आल्या. व्होल्ट युरोपीय संघाच्या बाजूचा आहे, तेव्हा त्याला एकत्र राहणं सोपं जातं हे खरं. उलट २०२४ च्या निवडणुकीनंतर ब्रुसेल्सवर टीका करणारे उजवे पक्ष संख्येनं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आले, आणि तरी संसदेत तीन वेगवेगळ्या गटांत बसले. रशियाबद्दल काय बोलायचं आणि जर्मनीच्या एएफडी या कडव्या उजव्या पक्षाशी मांडी लावून बसायचं की नाही, यावर त्यांचं एकमत होत नाही.

मे २०२२ मध्ये युरोपीय संसदेनं एक प्रस्ताव मंजूर केला: २८ खासदार कोणत्याही एका देशाचे नसावेत, ते युरोपव्यापी यादीतून निवडले जावेत आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं असावीत, एक आपल्या देशाच्या यादीला, एक युरोपच्या. सदस्य देशांची एकमतानं संमती त्याला लागते आणि ती मिळालेली नाही. लिबर्टासचं नाव लिस्बनपासून रीगापर्यंत एकाच मतपत्रिकेवर दिसू शकलं असतं, अशी मतपत्रिका २०२४ च्या निवडणुकीतही छापली गेली नाही.